ओटीत गेलेलं कार्ड

कुरियरवाल्याने दार वाजवलं तेव्हा दिपाली जेवत होती. घास ताटात टाकून ती उष्ट्या हाताने धावली, कशीबशी सही केली आणि दारातच खोका फोडायला बसली. कात्री हाताशी असताना तिने दात लावले. घाई झाली की या बाईला कात्री दिसत नाही, हे सासूबाईंचं मत होतं आणि ते खोटं नव्हतं.

खोक्यातून काडेपेटीपेक्षा जरा मोठी एक काळी डबी निघाली. वर बोटभर पडदा, खाली कार्ड सरकवायची फट. पासवर्ड ठेवायची डबी. अशीच एक डबी दिपालीकडे होती, ती गेल्या आठवड्यात उधन्याहून बमरोलीला घरी येताना सीटवारी धावणाऱ्या शटल रिक्षात राहिली. नुसती राहिली नाही, पर्ससकट राहिली, आणि डबीचं कार्डही त्याच पर्समध्ये होतं. रिक्षा कुठली, ड्रायव्हर कोण, काही पत्ता नाही. तेव्हापासून दिपालीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

ती साड्यांवरच्या भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायची. सुरतेत एखादं डिझाइन सकाळी बाजारात लागलं की संध्याकाळी त्याची जुळी बहीण पलीकडच्या दुकानात लटकलेली दिसते. एकदा कुणीतरी दिपालीच्या अकाउंटमध्ये शिरून तिची अख्खी वेलबुट्टी उचलून नेली, तेव्हा संतापून तिने ती डबी मागवली होती. मग सगळे पासवर्ड लांबलचक, आडवेतिडवे, तिचे तिलाही पाठ नसलेले. ते डबीत बंद. डबी उघडणार कार्डाने, आणि कार्ड उघडणार चार आकड्यांनी. ते चार आकडे मात्र तिच्या डोक्यात होते. दर रविवारी न चुकता ती डबीतलं सगळं लॅपटॉपवर उतरवून ठेवायची. तो बॅकअपही कुलूपबंदच. त्याला त्याच कार्डाची जोड लागायची.

डबीबरोबरच्या सूचनांमध्ये लिहिलं होतं की कार्डाची दुसरी प्रत करा आणि विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. दिपालीने प्रत केली आणि सासूबाईंकडे दिली. रुक्मिणीबाईंनी ते सोनेरी ठिपक्याचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं होतं आणि "ठेवतो" म्हणाल्या होत्या. त्यांनी ठेवलेली वस्तू देवालाही सापडत नाही, ही त्यांची ख्याती. त्याच भरवशावर दिपालीने आठवडा काढला होता. बॅकअप आहे, कार्ड आहे, नवी डबी तेवढी येऊ दे. आता डबीही आली.

आणि आजच्यासारखा दिवस पुन्हा येणार नव्हता. अहमदाबादच्या एका संस्थेत विणकामाच्या डिझाइनचा वर्षभराचा कोर्स होता. राहायला होस्टेल. दिपालीने गुपचूप अर्ज केला, गुपचूप परीक्षा दिली, आणि तिची निवड झाली. आज संध्याकाळी सहाच्या आत संस्थेच्या पानावर जाऊन होकाराचं बटण दाबायचं होतं. नाही दाबलं तर जागा यादीत तिच्यामागच्या माणसाला. त्या पानाचा पासवर्ड डबीत होता. ईमेलचाही डबीतच.

आणखी एक वाट होती. ईमेलचा पासवर्ड विसरला म्हणायचं की फोनवर कोड येतो. पण तो यायचा नवऱ्याच्या, वैभवच्या फोनवर, कारण लग्न झाल्या झाल्या ते ईमेल त्यानेच उघडून दिलं होतं. वैभव पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये कापडाचे रंग जुळवणारा कलर मास्तर. कोड आला की तो पहिल्यांदा विचारणार, कसला गं? दिपालीने या कोर्सचं त्याच्यापुढे दोनदा काढून पाहिलं होतं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." वाईट माणूस नव्हता. त्याचं पुढचं वर्ष कधी उजाडत नव्हतं, एवढंच. म्हणून तिने ठरवलं होतं की आधी बटण, मग बोलणं.

"आई, ते कार्ड द्या ना. मागे ठेवायला दिलेलं."

रुक्मिणीबाई भांडी विसळत होत्या. पदराला हात पुसत त्या ट्रंकेपाशी गेल्या आणि एक गाठोडं काढलं. त्यात देण्याघेण्याचे ब्लाउजपीस होते.

"यात?" दिपालीने विचारलं.

"मंग कुठी ठिवू? चोर आला तं कपाट उचकंन, डबे उचकंन. या फडतूस पीसाईले कोन हात लावते? मोरपंखी पीसाच्या घडीत ठिवलं मी."

लाल निघाला, पिवळा निघाला, जांभळ्या काठाचा निघाला. मोरपंखी निघेना. रुक्मिणीबाईंनी एकेक पीस झटकला, ट्रंक रिकामी केली, आणि मग त्यांचा हात हळूहळू थांबला.

"चैताच्या हळदीकुंकवाले शोभीची ओटी भरली ना आपन."

"मोरपंखी दिला तुम्ही?"

"मी चहा पाहाले आत गेलती व. मी म्हनलं, ट्रंकेतला एक पीस काढून दे. तूच देल्ला."

दिपालीला आठवलं. वरचाच पीस तिने उचलला होता, न बघता. आपल्या हाताने, वर हळदकुंकू लावून, तिने आपली किल्ली शोभाबाईंच्या पदरात घातली होती. तिला हसावं की रडावं कळेना. रडण्यात वेळ गेला असता.

"चला, शोभाबाईंकडे."

"अन् काय म्हनू? देल्लेली ओटी वापस दे म्हनू?"

हा खरा पेच होता. ओटीतला ब्लाउजपीस ही मोठी फिरस्ती चीज. त्यातले निम्मे शिवण्यासारखे नसतातच. कुणाचा पन्हा कमी, कुणाचा रंग जातो. पण ज्या घरी येतो तिथून तो पुन्हा ओटीतूनच बाहेर पडतो आणि वर्षानुवर्षं वस्ती फिरतो. हे सगळ्या बायकांना ठाऊक असतं आणि एकही बाई कबूल करत नाही. मी दिलेला पीस कुठे आहे, असं विचारणं म्हणजे तू माझी भेट दुसरीला खपवलीस म्हणणं. सुनेने विचारलं तर जन्माचं वैर. विचारायचंच तर रुक्मिणीबाईंसारख्या बाईनेच विचारावं.

"कामाचं आहे, आई. आज सहापर्यंत नाही मिळालं तर सगळं हातचं जाईल," दिपाली म्हणाली. एवढं खरं होतं. बाकीचं तिने गिळलं.

रुक्मिणीबाईंनी तिच्याकडे एकवार बघितलं आणि चपला शोधायला लागल्या.

शोभाबाईंचं घर मागच्याच गल्लीत. पण जवळच्या घरी बोलणं लांबून सुरू करावं लागतं. आधी गुडघे झाले, मग पाणी कमी दाबाने येतं ते झालं, मग शोभाबाईंच्या भाचीचं जमता जमता मोडलं ते झालं. लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसलेल्या दिपालीचा पाय आपोआप हलत होता. सासूने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला.

"शोभे, तो मोरपंखी पीस शिवला काय व?"

"शिवायला टाकलाय ना, ताई. छान निघणारे," शोभाबाई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या.

रुक्मिणीबाई जरा पुढे सरकल्या. मग हसून म्हणाल्या, "खरं सांगू काय? मलेही तो कोनाचातरी आलता. मी काई इकत आनला नोयता. पन्हा एवढासा. माह्या अंगात तं बाहीच झाली असती त्याची."

शोभाबाई आधी बिचकल्या आणि मग इतक्या जोरात हसल्या की शेजारीण डोकावली. "अहो ताई, मीही उघडूनसुद्धा नाही बघितला! उधन्याच्या सरलाबाईंच्या मुलीचं डोहाळजेवण होतं, तिथे दिला."

दिपालीने सासूकडे असं बघितलं, जसं तिने आजवर कधी बघितलं नव्हतं. स्वतःची लाज आधी उघडी करून या बाईने समोरचीचं दार उघडलं होतं.

उधन्याला जाताना रिक्षा फाटकाजवळ तुंबली. कापडाच्या ताग्यांनी भरलेले टेम्पो आडवे लागले होते आणि प्रत्येक जण हॉर्नवर हात टेकून होता. दिपाली फोन बघत होती, बॅगेत टाकत होती, पुन्हा काढत होती.

"सारखा पाहून वेळ थांबते काय?" रुक्मिणीबाई म्हणाल्या.

सरलाबाई मात्र कडक निघाल्या. पीसाचं नाव काढताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आमच्याकडे आलेली ओटी आम्ही फिरवत नाही. तुमच्या बमरोलीला असेल तशी रीत."

रुक्मिणीबाईंनी शोभाबाईंकडची युक्ती इथेही करून पाहिली. चालली नाही. सरलाबाईंनी पंखा वाढवला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. आता दिपाली फुटणार होती. तोंडावर अगदी आलं होतं की बाई, तुमचा मान तुमच्यापाशी ठेवा, माझं आयुष्य अडकलंय. तेवढ्यात रुक्मिणीबाई उठल्या आणि वयाने आपल्याहून लहान असलेल्या त्या बाईपुढे त्यांनी हात जोडले.

"चुकलं माह्यं. पन माह्या सुनीचं काम अडलं. पोरगी आठ दिस झाले धड जेवली नाई. मी पाह्यतो ना."

दिपालीने चमकून सासूकडे बघितलं. तिला वाटलं होतं, घरात कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

सरलाबाई विरघळल्या. पीस कोसाडच्या सुंदराला दिला होता. सुंदरा त्यांच्या गावची, साड्यांवर स्टोन चिकटवायचं काम घरी आणते. पत्ता मिळाला. दिपाली दारापर्यंत पोचलीसुद्धा.

"अगं थांब! सून पहिल्यांदा घरी आली, अशी कशी रिकामी जाईल?"

आणि सरलाबाई कुंकवाची डबी घेऊन आल्या. पाट आला. नारळ सापडेना, मग तो शेजारून आला. तांदूळ आले. दिपाली पाटावर बसली, पदर पसरला, आणि त्या बाईंनी सावकाश, एकेक ओंजळ मोजल्यासारखी तिची ओटी भरली. वर एक तपकिरी ब्लाउजपीस ठेवला. नाही म्हणायची सोय नव्हती. सौभाग्याचा मान दाराशी आलेला असताना घड्याळ बघणारी बाई अजून जन्माला यायची आहे. दिपालीने वाकून नमस्कार केला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सरलाबाईंना ते भक्तीचं वाटलं.

कोसाड शहराच्या दुसऱ्या टोकाला. तापीच्या पुलावर गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या. खाली पाणी संथ, वर सगळ्यांचे हॉर्न. तेवढ्यात वैभवचा फोन आला. लवकर सुटला होता, घराला कुलूप बघून विचारत होता. दिपाली 'आम्ही ना...' म्हणून अडखळली. रुक्मिणीबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला.

"बाईलोकाचं काम हाय. येतोच आम्ही. कुलूप उघड अन् दूध तापवून घे."

फोन परत देताना त्यांनी काही विचारलं नाही. दिपालीला वाटलं, आत्ता सांगावं. या रिक्षात, या पुलावर. पण सांगितलं आणि सासूने रिक्षा मागे वळवायला लावली तर? तिने सांगितलं नाही, आणि त्याची तिला स्वतःचीच चीड आली.

सुंदराची खोली तिसऱ्या मजल्यावर. गुडघे धरत रुक्मिणीबाई चढल्या, मध्ये कठड्याला टेकल्या, पुन्हा चढल्या. आत जमिनीवर हिरवी साडी पसरलेली, कडेने चमकत्या टिकल्यांच्या वाट्या, डिंकाच्या ट्यूबा. सुंदरा तिशीची, हसरी. मोरपंखी पीस म्हणताच तिने जीभ चावली.

"तो तर मी कापला, मावशी! उशीचा अभ्रा शिवला."

"आणि त्यात एक कार्ड होतं?" दिपालीने विचारलं. आवाज तिचाच होता, पण तिला तो ओळखू आला नाही.

"ते होय! बँकेचं वाटलं मला, पण नावच नाही त्यावर. मग ठेवलं कामाला." सुंदराने साडीच्या काठावरून एक चपटी वस्तू उचलली. जादा डिंक खरवडायला ती हेच कार्ड वापरत होती.

सोनेरी ठिपक्यावर डिंकाचा पापुद्रा वाळला होता. दिपालीने तो नखाने खरवडला, पदराने पुसला, फुंकर मारली, पुन्हा पुसला. भिंतीला टेकून लॅपटॉप उघडला, डबी जोडली, कार्ड आत सरकवलं.

काही नाही.

काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. पडद्यावर अक्षरं उमटली. अनोळखी कार्ड. मग तिने स्वतःलाच दरडावलं. डबी नवी आहे बाई, तिला तू तरी कुठे माहीत आहेस? आधी बॅकअप द्यायचा असतो. तिने रविवारची फाइल शोधून डबीकडे पाठवली. एक बारीक पट्टी भरत जाऊ लागली. तिघी बायका त्या पट्टीकडे बघत होत्या. सुंदराला काही कळत नव्हतं, तरी तिनेही श्वास धरला होता.

पट्टी भरली. डबीने आकडे मागितले. तीनदा चुकलं तर कार्ड कायमचं मेलं. दिपालीने एकेक आकडा फिरवला, शेवटच्यावर बोट थांबवून पुन्हा तपासला, आणि दाबलं.

नावं आली. एकाखाली एक, सगळी. ईमेल, बँक, डिझाइनचं दुकान, आणि तळाशी संस्थेचं. दिपालीच्या तोंडून हुंदक्यासारखं काहीतरी बाहेर पडलं. सुंदरा टाळी वाजवून म्हणाली, "चहा टाकते!" आणि ओट्याशी जाऊन बघते तर दूध नव्हतं, म्हणून ती खालच्या दुकानाकडे पळाली.

फोनचं नेट जोडून तिने संस्थेचं पान उघडलं. इंग्रजी मजकूर, वर कोपऱ्यात दिपालीचा फोटो, खाली निळं बटण. सहाला थोडाच वेळ होता.

"हा तुहा फोटो कायचा व?" रुक्मिणीबाई मागून वाकून बघत होत्या.

आता खोटं बोलायला जागा होती. ऑर्डर म्हटलं असतं, परवाना म्हटलं असतं, चाललं असतं. पण दिवसभर जिने दुसऱ्यांपुढे स्वतःला हलकं करून घेतलं, तिच्याशी आणखी एक खोटं बोलणं दिपालीला जमेना.

"अहमदाबादला कोर्स आहे. एक वर्ष तिथेच राहायचं. सहाच्या आत हो म्हणायचं आहे."

"वैभवले मालूम हाय?"

"नाही."

"अन् मले उन्हातानात फिरवलं. त्या सरलीपुढे हात जोडाले लावले." रुक्मिणीबाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "दुपारी सांगतलं असतं ना, तं मी एकाही दाराशी गेली नसती. मी ट्रंकच उघडली नसती."

"म्हणूनच नाही सांगितलं."

खाली कुणीतरी गुजरातीत भाजी ओरडून विकत होतं. रुक्मिणीबाई साडीच्या कडेला बसल्या आणि आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिल्या.

"मले करमनार नाई," त्या म्हणाल्या. "लोक काय म्हनतीन ते म्हनतीन. मले करमनार नाई, हे खरं हाय. दिवसभर त्या खोलीत तू खटखट करतं, मी भाजी निवडतो. आता मी कोनाशी बोलू?"

वैभवच्या नकाराची दिपालीने शंभर उत्तरं तयार ठेवली होती. हे तिच्या हिशेबातच नव्हतं. ती म्हणाली, "मलाही नाही करमणार, आई," आणि म्हटल्यावर तिला कळलं की ते अगदी खरं आहे. बटणावरचं बोट तिने मागे घेतलं.

रुक्मिणीबाईंनी ते बघितलं. एक हात जमिनीला टेकून, कण्हत, त्या उठल्या.

"सहाले बंद होते ना ते?"

"हो."

"मंग मी चालली भाईर. मले इचारून दाबलं असं उद्या कोनाले सांगू नको. न इचारता दाबलं असं मीबी सांगनार नाई."

त्या गेल्या. दिपाली एकटी उरली. दुपारपासून ती डबीवर चिडली होती, ओटीवर, टेम्पोवर, पुलावर. आता अडवायला कुणीच नव्हतं. तिने बटण दाबलं. पान क्षणभर पांढरं झालं आणि मग हिरव्या अक्षरांत अभिनंदन आलं. तिला वाटलं होतं, छाती हलकी होईल. छाती आणखीच धडधडायला लागली.

बाहेर पायरीवर रुक्मिणीबाई गुडघे चोळत बसल्या होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही.

"झालं?"

"झालं."

"वैभवले मी नाई सांगनार. तूच सांग. आजच सांग." त्या थोड्या सरकल्या आणि दिपाली त्यांच्या शेजारी टेकली. "तो चिडंन. चिडू दे. मी तुह्या बाजूले बसून राहीन. बोलनार नाई, पन उठनारबी नाई."